प्रयोग

फर्मागुडीच्या पठारावर पाचला लॅब बंद होते.
शिपाई आधी पंखे बंद करतो, मग दिवे,
मग स्टाफरूमच्या दारात उभा राहून किल्ल्या वाजवतो.
माझ्यासमोर निकेशा च्यारीच्या अहवालाचे दोन खर्डे.

पहिल्यात लिहिलंय:
चोडणच्या खाजनात, मानशीच्या दारावर संवेदक बसवण्यात आला.
अकरा रात्री निरीक्षण करण्यात आलं.
आठ रात्री ग्राह्य धरण्यात आल्या.
यश शंभर टक्के आढळून आलं.

अख्ख्या पानावर माणूस नाही.
जणू भरतीचं पाणी आपणच चढलं,
आपणच मोजलं गेलं
आणि प्रिंटरमधून टाईप होऊन बाहेर पडलं.

माशेलच्या शाळेत केणी मास्तर विचारायचे,
दौत फुटली, की फोडलीस?
वर्ग हसायचा.
मी खाली फरशीवरचा निळा डाग बघत राहायचो.

तीन रात्री कुठे गेल्या ते मला माहीत आहे.
त्याच पानाच्या समासात, लाल शाईत,
माझंच अक्षर:
हे तीन बिंदू विसंगत. काढ. आलेख स्वच्छ दिसेल.
खाली सही, तारीख.

ती म्हणाली होती, सर,
त्या रात्री संवेदकावर शिनाणे बसले होते.
पाणी दाराच्या वर आलं तरी फोन वाजला नाही.
इनासबाब कंदील घेऊन आले, हातानेच फळ्या टाकल्या,
सकाळी मला म्हणाले, तुजें मशीन न्हिदलां गो बाय.
मी म्हणालो, मर्यादांच्या प्रकरणात एक ओळ टाक:
काही परिस्थितीत अचूकता कमी होऊ शकते.

अशा ओळी मला झोपेतही लिहिता येतात.
वेर्ण्याच्या कंपनीत नऊ वर्षं तेच केलं,
जाड जाड पुस्तिका,
प्रत्येक प्रकरणाच्या तळाशी
वापरकर्त्याने योग्य ती खबरदारी घ्यावी.
बुडेल तर तो बुडेल.
खारं पाणी एकदा आत शिरलं की शेत
तीन पावसाळे रुसून बसतं,
हे त्या पुस्तिकेला कुठून कळणार?

आता दुसरा खर्डा. पान सत्तावीस.

तीन रात्री मी वगळल्या होत्या.
मार्गदर्शकांनी तसं सुचवलं, मी ते मानलं.
त्या इथे परत घेतल्या आहेत.
अकरापैकी तीन रात्री यंत्राने इशारा दिला नाही.
त्या तिन्ही रात्री दार इनास कुलासो यांनी लावलं.
यश बहात्तर पूर्णांक सात टक्के.

नी. मी. ने. यांनी.
एवढाल्या प्रत्ययांवर
एवढी माणसं उभी राहिली पानावर,
आणि त्यांच्यात, नाव नसलं तरी ओळखू येईल असा,
मी.

आधी राग आला, खोटं कशाला सांगू.
बाहेरचे परीक्षक येतील, विभागप्रमुख वाचतील,
पोर मला विचारू तरी शकली असती.
मग आठवलं, तिने विचारलं होतं.
मीच उत्तर दिलं होतं, लाल शाईत.

शेवटच्या पानावर माझ्या सहीची जागा.
छापील मजकूर, दरवर्षी तोच:
सदर काम माझ्या मार्गदर्शनाखाली करण्यात आले.
चौदा वर्षं न वाचता त्याच्याखाली सही केली.
आज वाचलं. दोनदा.
मग केली.

निकेशा एव्हाना रायबंदरच्या फेरीत असेल,
पाठीवरच्या बॅगेत ब्रश, कॉस्टिकची बाटली,
शिनाणे खरवडायला एक जुना चमचा.
आज भरती रात्री साडेबाराला.
यंत्र जागं राहील की नाही
मला माहीत नाही.
पान सत्तावीसवर तसंच लिहिलं आहे.

शिपायाने पुन्हा किल्ल्या वाजवल्या.